त्र्याऐंशीचा मग

२ जून, शुक्रवार

मग आले — आणि माझी अब्रू गेली!

सकाळी ट्रकवाला खोकी गॅरेजमध्ये उतरवून गेला. माझ्या नवऱ्यानं, हर्शेलनं, त्याची पिवळी गाडी त्यासाठी मागे घेतली. माझे गुडघे दुखतात, मला पिकअप आत लावू दे म्हटलं तेव्हा कधी हलवली नव्हती ती. दुपारी क्लबवाले आले. कॉर्व्हेट ह्या त्यांच्या लाडक्या स्पोर्ट्स गाडीला यंदा सत्तर वर्षं झाली, म्हणून आठ मगांचा संच — प्रत्येक मगावर गाडीची एकेक पिढी, खाली तिची सालं. कल्पना वेंडेलची, वाहवा क्लबची आणि छापून घ्यायचं काम माझं. आमचा क्लब असाच आहे. गाड्या पुरुषांच्या, खोकी बायकांची.

वेंडेल प्रुइट आमचा अध्यक्ष, आणि परीक्षकही तोच. गाडीतला एकेक स्क्रू मूळचा आहे की मागाहून बसवलेला, हे तो जमिनीवर आडवा होऊन बॅटरीच्या उजेडात बघतो. मूळचा असला तर गंजका चालतो, मागाहूनचा असला तर सोन्याचाही चालत नाही. मगही त्यानं तसेच तपासले. पहिला — त्रेपन्न ते बासष्ट, ठीक. दुसरा ठीक. तिसरा ठीक. चौथा हातात घेतला आणि थांबला.

"मिस व्हर्ना, हे काय आहे?"

१९८३–१९९६.

चर्चमध्ये कुणी शिवी हासडावी तशी शांतता! मग सगळे एकदम. "त्र्याऐंशीची कॉर्व्हेट? माझ्या नातवाला विचारा, तोसुद्धा सांगेल!" "बाईंनी नवीन मॉडेल काढलं रे!"

मला शिकवतात! सेंट लुईसहून हर्शेलच्या कॉर्व्हेट कारखान्यामागोमाग ह्या बोलिंग ग्रीन गावात आलो तेव्हापासून हेच ऐकतेय. त्या साली नवी पिढी वेळेत तयार झाली नाही. चाचणीपुरत्या काही गाड्या बांधल्या, त्या चुरडून टाकल्या. एकच वाचली, ती म्युझियममध्ये उभी आहे. ब्याऐंशीनंतर थेट चौऱ्याऐंशी. बोलिंग ग्रीनच्या पोरांना स्वतःचं आडनाव लिहिता येण्याआधी हे येतं. मी चौऱ्याऐंशीच लिहून दिलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, हर्शेल समोर कॉफी पीत असताना. शपथेवर सांगते.

मी हर्शेलकडे बघितलं. सेहेचाळीस वर्षांचा संसार! वाटलं, आता तरी तोंड उघडेल. त्यानं मग उलटा करून बूड बघितलं, खाली ठेवला आणि म्हणाला, "व्हर्नाची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही."

खापर माझ्या डोक्यावर. सगळ्यांच्या देखत.

३ जून

आमच्या संचातला चौथा मग कपाटात नाही. सातच आहेत. कचऱ्यात टाकला असणार त्यानं — एवढा राग!

४ जून, रविवार

चर्चहून आले तोच लेकीचा, रोझलिनचा फोन. आल्बुकर्कीला सदतीस डिग्री आहे म्हणे. मी हवापाणी विचारत राहिले, मगांचं बोलले नाही. कसं बोलू? तिचा जन्म त्र्याऐंशीचाच.

तिच्या जन्मापासून क्लबात हा एकच विनोद. "हर्शेल, तुझी पोरगी त्र्याऐंशीचं मॉडेल — म्हणजे निघालीच नाही!" लहान होती तेव्हा तीही हसायची. मोठी झाली तशी हसेना. मग क्लबच्या सहलीला आली की पिकअपमध्ये पुस्तक घेऊन बसायची, जेवायलाही उतरायची नाही.

आणि लग्नात तर कहरच. बाप हातात ग्लास घेऊन उभा राहिला. मला वाटलं, दोन गोड शब्द बोलेल. तर म्हणाला, "कॉर्व्हेटनं उभ्या आयुष्यात एकच वर्ष सुट्टी घेतली, आणि नेमकी त्याच वर्षी मला रोझलिन मिळाली. देवाचं त्या वर्षी माझ्याकडे लक्षच नव्हतं!" क्लबची टेबलं हसून हसून लोळली. पोरगी केक न कापता उठली. त्याला सहा वर्षं झाली. ह्या घराचा उंबरा तिनं पुन्हा ओलांडला नाही.

आजही तेच म्हणाली. "ममा, डॅडींनी एकदा फोन करावा. तू लावून द्यायचा नाहीस. त्यांनी स्वतः लावावा, 'ये' म्हणावं. मी त्याच दिवशी विमानात बसते." एवढंच मागते पोर. मार्चमध्ये चाळीस पुरी झाली. बापानं तेव्हाही फोन केला नाही. गाडीच्या आठ पिढ्या ह्याला तोंडपाठ. आमची पुढची पिढी एकुलती एक, तिचा फोन नंबर येत नाही! आठव्या पिढीचं इंजिन बॉनेटखालून सीटच्या मागे गेलं तेव्हा हा माणूस आठवडाभर धड जेवला नाही. पोरगी लग्नातून उठून गेली त्या रात्री दोन ताटं बार्बेक्यू खाल्लं.

मला मरायच्या आधी तिला ह्या टेबलाशी बसलेलं बघायचंय. दुसरं काही नको.

८ जून

मग छापून देणाऱ्या ड्युई स्ट्रोडच्या छापखान्याला कुलूप. माझा कागद त्याच्याकडे आहे, तो बघितला की प्रश्न मिटला. पण साहेब भावाकडे टेनेसीत मासे धरायला गेलेत. महिनाअखेर येतील, असं शेजारची न्हावीण म्हणाली. फोन उचलत नाही. मासे पळतील ना!

१३ जून

दुकानात काकड्या निवडत होते. मागून कुणीतरी — "काय मिस त्र्याऐंशी, बरं आहे ना?" वेंडेलची बायको. हसत हसत. मीही हसले. काकड्या तिथेच टाकून आले.

घरी येऊन वहीत चौऱ्याऐंशी लिहून बघितलं. पुन्हा पुन्हा. माझा चार कधीकधी तीनसारखा दिसतो का? दिसत नाही. की मला दिसत नाही? परवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं — आधी चष्मा विसरायची, मग पेटती चूल, मग माणसं. भीती वाटते. खरंच वाटते.

सकाळी हर्शेलनं माझ्यासाठी बिस्किटं केली, नाश्त्याची, मऊ पावासारखी असतात ती, वर ग्रेव्ही. ह्या माणसानं जन्मात शेगडी पेटवली नव्हती! बिस्किटं दगडासारखी. मी खाल्ली. तोही मला आजारी समजायला लागला असणार, म्हणून ही सेवा. "अंडं देऊ का अजून?" म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

१७ जून, शनिवार

क्लबची बैठक. मगांचं काय करायचं हाच विषय. मी कोपऱ्यात कॉफी ओतत होते.

वेंडेलनं अक्कल पाजळली. "अरे, कारखान्यानं त्र्याऐंशीच्या गाड्यांचं जे केलं तेच करू! सहलीच्या दिवशी सगळे चौथे मग घणानं फोडायचे. एक ठेवायचा, आपल्या कपाटात. इतिहास म्हणजे इतिहास!" टेबलं बडवली सगळ्यांनी. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नातवंडं झाली तेव्हाही बघितला नव्हता.

"पहिला घाव हर्शेलचा. त्या गाड्या त्यानं डोळ्यांनी बघितल्यात. आणि चूकही त्याच्याच घरातून निघाली."

"बरं," म्हणाला हर्शेल. बस. बरं!

येताना समोरून एक लाल कॉर्व्हेट आली. आतल्या माणसानं हात वर केला. कॉर्व्हेटवाल्यानं कॉर्व्हेटवाल्याला हात करायचाच — रविवारचं चर्च चुकेल, हे चुकायचं नाही. हर्शेलनं केला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. घणाचा विचार चालला असेल.

२५ जून, रविवार

रोझलिन म्हणाली, "ममा, तुझा आवाज का असा?" म्हटलं, सर्दी.

१ जुलै, शनिवार

सहल झाली. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

नदीकाठी सगळ्या गाड्या रांगेत लावल्या, पहिल्या पिढीपासून आठवीपर्यंत. बर्गूची, म्हणजे मांस-भाज्यांच्या दाट रश्श्याची, मोठी कढई सकाळपासून रटरटत होती. मटण, मक्याचं पुडिंग, माझी चेस पाय, लोणी-साखरेची, गोड. ती सगळ्यांनी खाल्ली. चुकीच्या बाईच्या हातची म्हणून कुणी सोडली नाही!

जेवणानंतर ओंडक्यावर मग मांडले. चौथ्या पिढीचे, सगळ्या घरांतून गोळा केलेले. एकानं फोन धरला, व्हिडिओ क्लबच्या पानावर टाकायचा म्हणून. वेंडेलनं घण हर्शेलच्या हातात दिला. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही खांदे आहेत त्याचे. एका घावात पीठ. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हर्शेल, तुझ्या पोरीचं मॉडेल गेलं रे!" वेंडेल ओरडला.

"गेलं! गेलं!" म्हणत हा हसला. वेंडेलपेक्षा मोठ्यानं.

मग एकेकानं घाव घातला. पोरांनी घातला, बायकांनी घातला. मलाही बोलावलं — "या मिस व्हर्ना, पापक्षालन करा!" मी गेले नाही. एक मग वाचवला, त्याला रिबिन बांधली आणि खाली चिकटवलं — 'मिस व्हर्नाची गाडी'. तुकडे मी झाडले. दुसरं कोण झाडणार?

गाडीत म्हटलं, "ते हसणं गरजेचं होतं का?" तो म्हणाला, "सगळेच हसत होते." मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

२ जुलै, रविवार

रोझलिनचा फोन. आवाज थंड.

"ममा, क्लबचा व्हिडिओ बघितला मी."

मी काहीतरी सावरायला गेले. तिनं थांबवलं.

"मग मला कशाला पाठवला होता?"

"काय पाठवला?"

"मग! चौथा. मंगळवारी आला. पत्ता डॅडींच्या अक्षरात, आत चिठ्ठी नाही, काही नाही. नुसता मग. त्र्याऐंशी लिहिलेला." तिचा आवाज फुटला. "मी बघतच बसले, ममा. वाटलं, त्यांना फोन जमत नाही म्हणून हा पाठवला. रोज त्यातच कॉफी पितेय. विमानाची तिकिटं बघत होते मी! आणि काल बघते तर डॅडी घण घेऊन — गेलं, गेलं! म्हणजे हाही विनोदच. आधी मला पाठवायचा, मग हसून फोडायचा."

फोन ठेवला तिनं. मी ओट्याशी उभीच राहिले. म्हणजे मग कचऱ्यात गेला नव्हता!

हर्शेल गॅरेजमध्ये गाडी पुसत होता. गेले, दारात उभी राहिले, परत आले. आधी ड्युईकडून ऐकायचंय. मग ह्याच्याकडे बघते.

५ जुलै, बुधवार

ड्युई आला. नाक उन्हानं सोललेलं.

"तुमचा कागद बरोबर होता, मिस व्हर्ना. चौऱ्याऐंशीच होतं. पण दुसऱ्या दिवशी हर्शेल आला ना! तुम्हाला सांगितलं नाही त्यानं?" गल्ल्यामागे उभा राहून डोकं खाजवत होता. "म्हणाला, चौथ्यावर एक त्र्याऐंशी कर. मला वाटलं, एक दुरुस्ती आहे. मी करून टाकली, सगळ्यांवर. मी जुना पिकअप फिरवणारा माणूस, मला त्या गाड्यांचं काय कळतंय!"

"एक म्हणाला? एकच?"

ड्युईचं डोकं खाजवणं थांबलं. "एक त्र्याऐंशी कर, असं म्हणाला. 'त्या सालचं माझ्याकडे एक आहे,' असंही काहीतरी पुटपुटला. सगळा वेळ दाराकडे बघत होता, कुणी येईल म्हणून. अरे देवा! एकच मग हवा होता का त्याला?"

पिकअपमध्ये येऊन बसले. काचा वर, उकाडा मरणाचा. आधी रडू आलं ते सुटकेचं — मी आईसारखी झालेले नाही, माझा चार चारच आहे! मग आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ह्या दगडानं पोरीसाठी मग करून घेतला. चाळीस वर्षांनी तिचं साल मान्य केलं. आणि मग जो संताप चढला तो घरी पोचेपर्यंत उतरला नाही.

"महिनाभर तू मला वेडी ठरवलंस, हर्शेल! मी रोज अंक गिरवत बसले, ते बघितलंस, आणि बिस्किटं थापलीस!"

तो पिवळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा. "क्लबातल्या पोरांना काय सांगणार होतो, व्हर्ना? पोरीसाठी मग करून घेतला म्हणून?"

"हो! नेमकं हेच सांगायचं होतं!"

"हसले असते."

"मला हसलेच की!"

तो बाहीनं बॉनेट पुसायला लागला. "घण का मारलास मग?" विचारलं. खाली बघून म्हणाला, "पहिला नंबर माझा होता."

पहिला नंबर माझा होता! हे वाक्य माझ्या थडग्यावर कोरा.

मग हळूच — "पोचला ना पण तिला?"

"पोचला. मागोमाग तुझा घणही पोचला."

बसलाच तो, टायरांच्या ढिगावर. मला दया आली नाही. उशी उचलून रोझलिनच्या खोलीत आले.

९ जुलै, रविवार

आज तिचा फोन नाही. सहा वर्षांत असा रविवार गेला नव्हता.

दुपारी हर्शेलनं माझ्यासमोर नंबर लावला. स्वतः, चष्मा लावून, एकेक बटण. बघ, येतो की नंबर! पलीकडे वाजत राहिलं, मग यंत्रातला तिचा आवाज — निरोप ठेवा. ह्यानं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. ओठ हलले. शब्द नाही.

"बोल ना!"

"यंत्राशी काय बोलायचं?" म्हणाला आणि ठेवला.

'ये.' एक अक्षर. तेवढंही निघेना!

१२ जुलै

आता रोज लावतो. रोज यंत्र. त्यात नुसता श्वास भरून ठेवतो.

१५ जुलै, शनिवार

मी बजावलं होतं — बैठकीत उभं राहून खरं सांग, नाहीतर मी सांगेन. उभा राहिला. टोपी हातात. मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"त्या मगांचं," म्हणाला. "चूक व्हर्नाची नव्हती." वेंडेलकडे बघितलं. "ड्युईनं चुकीचं ऐकलं."

आणि बसला! खापर माझ्या डोक्यावरून उचललं आणि ड्युईच्या डोक्यावर फोडलं. सगळ्यांनी ड्युईला चार शिव्या घातल्या, माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. वेंडेल म्हणाला, "मिस व्हर्ना, क्लब तुमची क्षमा मागतो." मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडेच. ओव्हरकोटासारखी नको असलेली क्षमा घेऊन मी कुठे फिरू ह्या उन्हात?

मीच उठून सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो टोपी दोन्ही हातांनी पिळत होता, धुणं पिळावं तशी. मी गप्प बसले. आता आम्ही दोघं सारखेच.

१६ जुलै, रविवार

फोन नाही.

२२ जुलै, शनिवार

आल्बुकर्कीहून खोकं आलं. हर्शेलच्या नावानं. त्यानं खिशातल्या सुरीनं टेप कापली. आत तोच मग — तुकडे तुकडे. चिठ्ठी नाही.

"वाटेत फुटला," म्हणाला. वाटेत फुटलेल्याचा एकेक तुकडा कुणी वेगळ्या कागदात गुंडाळत नाही.

जन्मभर त्यानं कॉर्व्हेटच्या फायबरच्या बॉड्या चिकटवल्या. खोकं गॅरेजमध्ये नेलं आणि गोंद घेऊन बसला. जेवायला आला नाही. आत्ता हाक मारली — "व्हर्ना, एक तुकडा मिळत नाही. खोक्यात बघ गं."

कागदन्‌कागद उलगडून बघितला. मगावरची गाडी पुरी जुळली आहे, चाकांसकट. कान जुळलाय. १९९६ आहे, अलीकडची रेघही आहे. १९८३ तेवढं नाही.

तेवढं तिनं ठेवून घेतलंय.